हवा-तापमान सेन्सर, ट्रकच्या एंजिनातील

एंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान ईसीयूला (एंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कळवणारा छोटा विद्युत घटक. समुद्रसपाटीच्या दाबाला एक घनमीटर कोरड्या हवेचे वस्तुमान ०° से.ला सुमारे १.२९ किग्रॅ., तर ४०° से.ला सुमारे १.१३ किग्रॅ. भरते, म्हणून इंधनाचा हिशेब नुसत्या दाबावर भागत नाही. टर्बोचार्जर (हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डीझेल एंजिनात हा सेन्सर बहुधा इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा गार करणाऱ्या भागानंतर), मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवर) असतो आणि पुष्कळदा दाबाच्या सेन्सरसह एकाच कवचात येतो.

आतला थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा घटक) तापला की त्याचा रोध घटतो. या गुणधर्माचे श्रेय सहसा मायकेल फॅराडे यांच्या सिल्व्हर सल्फाइडवरील निरीक्षणाला (१८३३) देतात, तर काही जण सॅम्युएल रूबेन यांच्या १९३०च्या आसपासच्या कामापासून सुरुवात धरतात. निरीक्षण फॅराडेंचे आणि वापरण्याजोगा घटक रूबेन यांचा, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

चाचणी : प्रचलित प्रकारांपैकी एकाचा रोध ०° से.ला सुमारे ५.९, २०° से.ला २.५ आणि ६०° से.ला ०.६ किलोओहम असतो. दुसऱ्या एका प्रकारात २०° से.लाच साडेतीन किलोओहम भरतात, त्यामुळे उत्पादकाचा तक्ता हाच प्रमाण. रात्रभर उभ्या ट्रकमध्ये एंजिन सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवर (ईसीयूतील वाचने दाखवणाऱ्या उपकरणावर) हवा आणि कूलंट यांची तापमाने जवळपास सारखी दिसावीत. मल्टिमीटर काढण्याआधी एवढे पाहिलेले बरे. कनेक्टर काढल्यावर स्कॅनर −४०° से.च्या आसपास आणि वायरिंगच्या बाजूची सिग्नल व अर्थ (ग्राउंड) ही टोके जोडल्यावर कमाल तापमान दाखवत असेल, तर वायरिंग व ईसीयू बहुधा ठीक असून दोष सेन्सरकडे जातो. चार पिनांच्या जोड-सेन्सरमध्ये मात्र आकृती पाहिल्याशिवाय टोके जोडू नयेत. तेथे ५ व्होल्टचा पुरवठाही असतो. तुटलेली वायर पी०११३ किंवा जड वाहनांत एसपीएन १०५ (कोणते वाचन), एफएमआय ३ (कोणता दोष) असा दोष-कोड देते. काजळीने माखलेला सेन्सर उशिरा प्रतिसाद देतो, पण वाचन मर्यादेत राहत असल्याने कोड पडेलच असे नाही.

फेरबदल : सेन्सरच्या वायरीत एकसरीने रेझिस्टर घालून हवा गार असल्याचा भास निर्माण करतात. काही ईसीयू अशा वेळी इंधन थोडे आधी फवारतात, आणि ताकद वाढल्याचे दावे त्यावर उभे असतात. मात्र भास सर्वत्र सारखा नसतो. वरील पहिल्या प्रकारात १ किलोओहम वाढवला, तर ०° से.च्या वाचनात जेमतेम तीन-चार अंशांचा फरक पडतो, पण ६०° से.ची हवा सुमारे ३२° से.ची वाटते. म्हणजे चढावर, भरल्या मालानिशी, हवा खरोखर तापलेली असतानाच ईसीयू सर्वाधिक फसतो. सिलिंडरमधील दाब आणि नायट्रोजन ऑक्साइडे वाढण्याचा धोका तेथेच. ईजीआरचे (धुराचा काही भाग पुन्हा एंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचे) नियंत्रणही बऱ्याच एंजिनांत याच वाचनावर अवलंबून असते, आणि उत्सर्जन-यंत्रणेतील अशी ढवळाढवळ अनेक देशांत बेकायदेशीर आहे.