शनिवारची रेट्रो नाइट आली कुठून?

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला एखाद्या क्लबाचे सभासद असाल, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक येतंच. शनिवारी संध्याकाळी लॉनवर रेट्रो नाइट, सभासदांना प्रवेश मोफत, पाहुण्यांसाठी कूपन, जेवण बुफे. स्टेजवर पाच-सहा जण. कीबोर्ड, गिटार, बेस, ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालपॅड), एक गायक, एक गायिका. गाणी सगळी दुसऱ्यांची. तरुण सभासद त्यांना ‘कव्हर बँड’ म्हणतात, आणि हा प्रकार बाहेरून, फार तर गोव्याच्या शॅकवरून आला, असं धरून चालतात.

गोव्याचा भाग खरा आहे, पण शॅकचा नाही. ही गाणी वाजवणारे हात मुळात मुंबईच्या हॉटेलांत आणि क्लबांत तयार झाले. तिथून ते फिल्म स्टुडिओत गेले. त्यांनी बांधलेली गाणी रेडिओवर आली, रेडिओवरून कारखान्यांच्या सत्यनारायणाला पोचली आणि मग पुन्हा क्लबात आली.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईत जॅझचं खूळ पसरलं. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही आला. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर त्या स्टेजांवर उभे राहिले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेले, कागद समोर ठेवला की वाजवायला लागणारे. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट (खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ) त्यातलेच. मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पेल्याशिवाय नाचायला येणारं गिऱ्हाईक कमीच. हॉटेलांतला धंदा मंदावला आणि वादक दादर-महालक्ष्मीच्या रेकॉर्डिंगकडे वळले.

तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकाराला चाल सुचायची. ती चाळीस-पन्नास वादकांसाठी लिहून काढणारा कोणीतरी हवा होता. शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते काम सेबास्टियन डिसूझांनी वर्षानुवर्षं केलं. अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, मांडणी करत, शिकवतही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. आणि पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र चिक चॉकलेटना घेऊन असं काही करून गेले, की १९५१च्या ‘अलबेला’त चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो. म्हणजे क्लबातला बँड जसाच्या तसा सिनेमात. आज क्लबात ‘जुनी हिंदी गाणी’ म्हणून जे वाजतं, त्यातला बराचसा ऐवज क्लबाचाच आहे.

दोन अंतऱ्यांच्या मधल्या सुरावटीला वादक ‘पीस’ म्हणतात. रेट्रो नाइटचा जीव ह्या पीसमध्ये असतो. गायकाची एखादी हरकत हुकली तर कोणी मनावर घेत नाही. सॅक्सोफोनचा पीस चुकला की पहिल्या रांगेतले काका लगेच बायकोकडे बघतात. हा हट्ट कुठून आला?

माझ्या मते रेडिओतून. मराठी माणसाला दुसऱ्याचं गाणं गाण्याचं वावडं कधीच नव्हतं. नाट्यपदं गावोगावच्या बैठकींत गायली जात, पण प्रत्येक जण आपली भर घाले. गणेशोत्सवातले मेळे लोकप्रिय चाली उचलत आणि त्यावर स्वतःचे शब्द बसवत. चाल तीच ठेवून बाकी सगळं बदलण्यात गंमत होती. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली आणि देश रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती काढून माघार घेतली. एकच रेकॉर्ड, त्याच पीससकट, आठवड्यात पन्नासदा कानावर पडायला लागली. मग गाणं म्हणजे रेकॉर्ड, आणि ‘चांगलं गायला’ म्हणजे ‘अगदी रेकॉर्डसारखं गायला’, असं समीकरण पक्कं झालं.

सिनेमाची गाणी स्टेजवर रेकॉर्डसारखी सादर करणारा ऑर्केस्ट्रा ह्याच समीकरणावर जगला. साठ ते ऐंशीच्या दशकांत त्याची भरभराट झाली आणि ठाणे त्याच्या ऐन वाटेवर होतं. एकीकडे वागळे इस्टेट, दुसरीकडे ठाणे-बेलापूर पट्टा. प्रत्येक कारखान्यात वर्षाकाठी सत्यनारायण असे. सकाळी पूजा, दुपारी तीर्थप्रसाद, संध्याकाळी शेडसमोर मांडव घालून ऑर्केस्ट्रा. खर्च कधी मॅनेजमेंटचा, कधी युनियनचा, बहुतेकदा दोघांचा, आणि त्या एका संध्याकाळी दोघेही एकाच सतरंजीवर बसलेले. जॉनी लिव्हर ह्यांचं नावच अशा कार्यक्रमांतून आलं. हिंदुस्तान लिव्हरमध्ये काम करताना ते सहकाऱ्यांसमोर नकला करत. पुढे कल्याणजी-आनंदजींच्या स्टेज शोंबरोबर फिरले. ते कल्याणजीही सिनेमात स्थिरावण्याआधी ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ चालवायचे.

ऑर्केस्ट्राची भाषाही वेगळी. कार्यक्रम ठरला की ‘सुपारी’ घ्यायची. गायक स्वतःच्या नावाने नव्हे, ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ किंवा ‘व्हॉइस ऑफ रफी’ म्हणून ओळखला जाणार. निवेदक शेरोशायरी करणार, मध्ये मिमिक्री, शेवटी फर्माइशींच्या चिठ्ठ्या. स्टेजवर वीस-पंचवीस माणसं: दोन-तीन व्हायोलिनं, अ‍ॅकॉर्डियन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोलक, तबला, कोंगो-बोंगो, आणि खंजिरी-घुंगरू सांभाळणारा साइड रिदमवाला. यातले पुष्कळ जण दिवसा बँकेत किंवा कारखान्यात. १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभं राहिलं आणि ह्याच मंडळींना ठाण्यात तिकीट लावून कार्यक्रम करायला एक घर मिळालं. मांडवातल्या फुकट गाण्याला खुर्ची आणि वातानुकूलन आलं. टाळ्या मात्र थोड्या जपून पडायला लागल्या.

आगरी-कोळी गावांत दुसरा एक प्रवाह चालूच होता. घणसोली, कोपरखैरणे, कळवा-बाळकूमच्या हळदींत बेंजो पार्टी वाजते. बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचा वीज जोडलेला भाऊ, आणि त्याचं मूळ १९१२ साली नागोयात तयार झालेल्या जपानी तैशोगोटोत. हिंदी गाणं, कोळीगीत, आरती, सगळं त्या एका वाद्यावर. क्लबवाल्यांनी ह्या परंपरेकडे कधी लक्ष दिलं नाही, हे त्यांचं नुकसान.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाल्यावर, सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून, दुसऱ्या आवाजात तेच गाणं काढता येई. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने त्याचा पुरेपूर उपयोग केला. अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची गाणी गायली, तरुण सोनू निगम यांनी रफींची. स्टेजवर जे ‘व्हॉइस ऑफ’ होतं ते आता घराघरात वाजू लागलं. २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली, आणि कायद्याच्या मजकुरातच ‘कव्हर व्हर्जन’ आलं.

स्टेज रिकामं केलं ते मात्र यंत्रांनी. १९८३चा यामाहाचा डीएक्स-७ कीबोर्ड, १९८५चा रोलँडचा ऑक्टोपॅड, मागोमाग स्वस्त कॅसिओ. व्हायोलिनवाले तिघे गेले, त्यांच्या जागी एका कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’चं बटण. ढोलक, कोंगो, घुंगरू आठ रबरी पॅडांत मावले. शेवटी कराओके, तोही १९७१ मध्ये कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी केलेला. बेंजोपासून कराओकेपर्यंत आपल्या स्टेजवर जपानचे इतके उपकार आहेत, की आभारप्रदर्शनात त्यांचं नाव यायला हरकत नाही.

२००५ मध्ये राज्यात डान्स बार बंद झाले. त्यातल्या अनेकांनी ऑर्केस्ट्राचा परवाना घेतला. महामार्गांलगतच्या पाट्यांवर तोच शब्द झळकायला लागला आणि सभ्य कार्यक्रमांच्या पत्रकांवरून तो उतरला. म्युझिकल नाइट, लाइव्ह बँड, रेट्रो अशी नावं चढली. बारमधल्या कलाकारांवरही विचित्र अटी होत्या. चार पुरुष आणि चारच स्त्रिया, असं बंधन सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केलं. नाव टाकून दिलेल्या मंडळींनी ही लढाई लढली नाही. ज्यांनी ते नाव पाटीवर ठेवलं त्यांनीच ती लढली.

नवी मुंबईचा प्रेक्षक हा वेगळा मुद्दा. सिडको १९७०ची, खाडीपूल १९७३चा, वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये. इथल्या क्लबात एका टेबलावर मराठी कुटुंब, शेजारी तमिळ, पलीकडे बंगाली आणि पंजाबी. भावगीत लावलं तर तीन टेबलं गप्पा मारायला लागतात. सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं लागलं की चारही गुणगुणतात. म्हणून ठाण्याच्या नौपाड्यात चालणारी यादी वाशीत जशीच्या तशी चालत नाही. मराठी गाणी दोनावर येतात, तीही जेवणाआधी.

आयोजकाच्या वहीत मात्र दोन नियम ठळक असतात. पहिला गाणी वाजवण्याच्या परवान्याचा. गीतकार-संगीतकारांच्या वतीने तो देणारी संस्था आयपीआरएस, स्थापना १९६९ची. हौशी मंडळाने फुकट्या श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. सुपारी देऊन आणलेल्या बँडला तिचा आधार घेणं अवघड. दुसरा नियम २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद. ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण शनिवारची रेट्रो नाइट त्यात बसत नाही. दहाची मर्यादा बंद सभागृहातल्या ध्वनिक्षेपकाला लागू नाही, तरी लॉनचा हट्ट सुटत नाही. म्हणून साडेसातला सुरू होणारा कार्यक्रम पावणेआठला सुरू होतो आणि सगळ्यात जोमदार गाणी नऊ ते दहा कोंबली जातात.

सध्या ‘जुनं’ म्हणजे कोणतं, ह्यावरून बँडांची पंचाईत आहे. चाळिशीतल्या सभासदांना नव्वदचं दशक हवं. त्यात १९९२ नंतरचे ए. आर. रहमान आले, आणि ती गाणी माणसांनी एका खोलीत बसून वाजवलेलीच नाहीत. संगणकावर थरावर थर रचून केलेली आहेत. त्यांचा पीस हुबेहूब वाजवायचा तर पाच जण पुरत नाहीत, पंचवीसही पुरणार नाहीत. त्यामुळे कीबोर्डशेजारी लॅपटॉप असतो. उरलेले थर त्यातून वाजतात, आणि ड्रमर कानात ठोके ऐकत त्याच्या मागे मागे चालतो.