सहा व्होल्टचा ट्रक आणि त्यातला रेडिओ

जुना ट्रक कामाला काढला की विजेची दोन कामं हमखास निघतात. ६ व्होल्टची वायरिंग १२ वर न्यायची आणि डॅशबोर्डमधला मुका रेडिओ बोलता करायचा. बहुतेक जण ही दोन वेगळी कामं धरतात. मुळात ती एकमेकांत गुंतलेलीच होती.

गाडीत वीज मुरली ती सेल्फमुळे. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मारायची कसरत हळूहळू सुटली. पुढे अमेरिकी गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी रुळली. शिशाचे तीन सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे साधारण ६.३.

१९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन कंपनीने 'मोटोरोला' नावाने गाडीतला रेडिओ बाजारात आणला. व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतली हवा काढलेल्या नळ्यांवर चालणाऱ्या रेडिओला दोन तऱ्हेची वीज लागते: नळीतली तार, म्हणजे फिलॅमेंट, तापवायला थोडी आणि समोरच्या पत्र्याला, म्हणजे प्लेटला, दोनशे व्होल्टच्या आसपास. पहिली सोय व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनीच केली. फिलॅमेंट ६.३ व्होल्टचं ठेवलं की ते थेट बॅटरीवर चालतं. ६व्ही६ या व्हॉल्व्हच्या नावातला पहिला सहा त्याचाच. प्लेटचा प्रश्न मात्र चिवट होता. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. मग व्हायब्रेटर आला.

मुठीत मावेल असा पत्र्याचा डबा. आत पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते आणि डीसी करंट तोडत-जोडत राहते. त्या तुटक करंटचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर चढवून देतो. आवाज दबावा म्हणून डब्याला आतून स्पंज असतो, तरी रेडिओ लावला की आधी गुणगुणच ऐकू येते. व्हॉल्व्ह तापले की मग स्टेशन. रेडिओ बंद असेल तर पहिला संशय याच डब्यावर घ्यावा, कारण आतले पॉइंट जळतात. आणि व्हायब्रेटर बदलताना त्याच्या जोडीचा बफर कपॅसिटरही बदलावा, नाहीतर नवा डबाही लवकरच जातो.

मग १२ व्होल्ट कशासाठी? युद्धानंतर जास्त कॉम्प्रेशनची व्ही-८ इंजिनं आली आणि ती फिरवायला सेल्फला जोर कमी पडू लागला. तेवढीच ताकद ६ व्होल्टवर काढायची तर करंट दुप्पट, आणि त्याच केबलमध्ये उष्णता चौपट. १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्या १२ वर गेल्या, १९५५ मध्ये शेवरले, १९५६ मध्ये फोर्ड. ट्रकही त्यांच्याच पाठोपाठ. फोर्डने तर त्याच वेळी अर्थही बदलला: बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणं सोडून निगेटिव्ह जोडायला घेतलं.

व्हायब्रेटरच्या बहुतेक रेडिओंना अर्थ कोणता याने फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरला पडतो, उलटा जोडला की खेळ खलास. क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५५ मध्ये पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला, किंमत १५० डॉलर. बाकीच्यांनी काही वर्षं अर्धे व्हॉल्व्ह, अर्धे ट्रान्झिस्टर असे संकरित संच काढले. त्यांचे व्हॉल्व्ह प्लेटलाही १२ व्होल्टच घेत, त्यामुळे व्हायब्रेटरची गरजच उरली नाही.

सेमीकंडक्टरने पुढे डायनामोही घालवला. डायनामो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही; गाडी थांबली की हेडलाइट मंद. अल्टरनेटर हे निभावतो, पण त्याची एसी वीज डीसी करायला स्वस्त, टिकाऊ सिलिकॉन डायोड हवे होते. ते मिळाले आणि १९६०च्या व्हॅलियंटमध्ये क्रायस्लरने अल्टरनेटर दिला.

ही वाट लोक आज एका झटक्यात चालू पाहतात. जुना सेल्फ १२ व्होल्ट थोडा वेळ सोसतो. बल्ब, हीटरची मोटर आणि रेडिओ सोसत नाहीत. इग्निशनची कॉइल बदलावी लागते किंवा तिला रेझिस्टर, इंधनाच्या काट्याला व्होल्टेज उतरवणारा तुकडा. जुन्या अॅमीटरमधून तर चार्जिंगचा सगळा करंट जातो; ६० अँपिअरचा अल्टरनेटर लावून तो तसाच ठेवणं म्हणजे डॅशबोर्डमागे आग पाळणं. तिथे व्होल्टमीटर बसवावा.

माझं मत विचाराल तर ट्रक अधूनमधूनच निघत असेल तर ६ व्होल्ट राहू द्यावेत. सेल्फ रडतो तो बरेचदा व्होल्टेजमुळे नाही, कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल बसवलेली असते म्हणून. जाड केबल आणि घासून लख्ख केलेला अर्थ यांनी निम्म्या तक्रारी मिटतात, आणि रेडिओचा व्हायब्रेटरही आहे तिथेच चालतो.