आउटलुकमधलं ‘आर्काइव्ह’: शब्द एक, ठिकाणं तीन

जुनी मेल आर्काइव्ह करायची सवय लागली ती जागेच्या टंचाईमुळे. ऑफिसच्या सर्व्हरवर माणशी मोजकी जागा मिळायची आणि ती भरली की मेल पाठवणंच बंद व्हायचं. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅममधला, आउटलुक ९७ पासूनचा उपाय म्हणजे ऑटोआर्काइव्ह: ठरावीक मुदतीपेक्षा जुनी मेल सर्व्हरवरून उचलून आपल्या कॉम्प्युटरवरच्या पीएसटी फाईलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या मेल साठवायच्या फाईलमध्ये टाकायची. पण ही मुदत नुसती मेल आल्याच्या तारखेवरून मोजली जात नसे. मेलमध्ये नंतर काही बदल झाला असेल, तर तिथपासून मोजणी नव्याने सुरू होई. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीची मेलही जागची हलत नसे.

त्या फाईलला २ जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाईल उघडेना, आणि मायक्रोसॉफ्टने दिलेलं साधन फाईलचं शेपूट कापून उरलेलं वाचवायचं. २००३ मध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवू शकणारी पीएसटी आली, मर्यादा २० जीबी झाली आणि २०१० मध्ये ५० जीबी. या बदलाची चर्चा जागेपुरतीच झाली. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खरी गोष्ट दुसरीच होती. जुन्या साच्यात देवनागरी विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरत, तो विषय आता शाबूत राहू लागला.

खरा गुंता मात्र शब्दाचा आहे. २००४ मध्ये जीमेल आलं आणि तिथे ‘आर्काइव्ह’चा अर्थ झाला इनबॉक्समधून नजरेआड करणं. मेल असते तिथेच राहते. ऑफिसच्या मेलसाठीचं मायक्रोसॉफ्टचं सर्व्हर सॉफ्टवेअर, एक्सचेंज २०१०, याने सर्व्हरवरच दुसरा मेलबॉक्स दिला, त्यालाही आर्काइव्हच म्हटलं. मग आउटलुक २०१६ मध्ये ‘आर्काइव्ह’चं बटण आलं. ते दाबलं, किंवा यादीत मेल निवडून नुसतं बॅकस्पेस दाबलं, की मेल त्याच मेलबॉक्समधल्या आर्काइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये जाते. कोटा एका केबीनेही कमी होत नाही. म्हणजे जीमेल सोडलं तरी आउटलुक या एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच शब्दाचे तीन अर्थ: पीएसटी फाईल, सर्व्हरवरचा दुसरा मेलबॉक्स आणि हे फोल्डर. मेलबॉक्स भरला म्हणून रोज इमानेइतबारे बटण दाबणाऱ्याला ‘जागा संपली’ हाच निरोप पुन्हा येतो, आणि चूक त्याची नसते.

कचेरीत फाईल टेबलावरून कपाटात गेली आणि रेकॉर्ड रूममध्ये गेली, या दोन गोष्टींना कुणी एक शब्द वापरत नाही. तसाच फरक इथेही नावातच करायला हवा होता. बटणाला ‘बाजूला ठेवा’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

आता कल मेल सर्व्हरवरच ठेवण्याकडे आहे. विंडोजसाठीच्या नव्या आउटलुकमध्ये सुरुवातीला पीएसटी उघडायची सोयच नव्हती, ती पुढे टप्प्याटप्प्याने येऊ लागली. ज्यांची वीस वर्षांची मेल या फायलींमध्ये आहे, त्यांनी म्हणूनच जुनं आउटलुक काढून टाकलेलं नाही.