अदलाबदल ताटातली: पेज, पोई आणि फुटी कढी

साखरेऐवजी गूळ वापरला की खाणे आपोआप 'आरोग्यदायी' होते, असे गोव्यातल्या अनेक घरांत अगदी निःशंकपणे मानले जाते, आणि त्यातही तो काळा माडाचा गूळ असला तर मग विचारायलाच नको. प्रत्यक्षात १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० उष्मांक मिळतात आणि तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. गुळात लोह आणि इतर खनिजे थोडी असतात हे खरे, पण चहाच्या कपात पडणाऱ्या पाच-सात ग्रॅम गुळातून मिळणारे लोह नगण्य असते. माडाच्या गुळाची चव मला साखरेपेक्षा कितीतरी आवडते आणि पातोळ्यांत तोच हवा. मात्र चवीचे कारण आरोग्याच्या नावावर खपवू नये, एवढेच.

'कमी उष्मांकाचे' आणि 'अधिक पोषक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. नाचणीचे उदाहरण घ्या. कोरड्या नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३२० उष्मांक असतात आणि कच्च्या तांदळात सुमारे ३५५, म्हणजे फरक फारसा नाही. कॅल्शियम मात्र तांदळात १० मिलिग्रॅमही नसते, तर नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यातले सगळे अंगी लागत नाही, कारण नाचणीतली फायटेटसारखी द्रव्ये ते धरून ठेवतात. पीठ आंबवून आंबील केली की फायटेट काही प्रमाणात घटते. म्हणजे भाताच्या जागी नाचणी आली तर पोषण नक्की सुधारते, पण वजन उतरेलच असे नाही.

गोव्यापुरता हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या 'इंडियाब' या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वीस वर्षांवरील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के होते, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक निघाले. याचे खापर एका पदार्थावर फोडता येणार नाही; शहरीकरण, बैठे काम, वय, आनुवंशिकता असे अनेक धागे त्यात आहेत. पण याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदींवर आधारलेला २०२५ सालचा शोधनिबंध अदलाबदलीच्या दृष्टीने फार बोलका आहे. भारतीयांच्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असे त्यात आढळले; आणि पांढरे तांदूळ किंवा मैदा यांच्या जागी गव्हाचे अथवा भरड धान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांची एकूण मात्रा तीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे दिसले नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा कडधान्ये किंवा दुधाच्या पदार्थांतल्या प्रथिनांनी घेतला, तेव्हा मात्र धोका कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणभाव जपूनच मांडायला हवा. तरीही एका धान्याच्या जागी दुसरे धान्य आणणे ही सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत कमी उपयोगाची अदलाबदल आहे, असे माझे मत त्यावरून बनले आहे.

पोईकडे, म्हणजे कोंडा घातलेल्या गोव्याच्या पावाकडे, याच नजरेने पाहावे लागते. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू वाजला की अलीकडे पावाऐवजी पोई मागणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते, आणि कोंड्याची चांगली पोई असेल तर तिच्यातून तंतू अधिक मिळतात यात शंका नाही. परंतु वजनाला वजन लावले तर पाव आणि पोई यांच्या उष्मांकांत मोठे अंतर नसते. शिवाय आत सगळा मैदा आणि वरून नुसता कोंडा भुरभुरलेला, अशीही पोई विकली जाते. ती फोडून आतला रंग पाहिला की उलगडा होतो. पावाच्या जागी पोई घेण्यापेक्षा दोन पावांपैकी एक कमी करून त्या जागी अळसांद्यांच्या (चवळीच्या जातीच्या कडधान्याच्या) तोणाकाचा, म्हणजे खोबऱ्याच्या रस्साभाजीचा, एक डाव वाढवणे अधिक मोलाचे आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम अळसांद्यांत सुमारे ११५ उष्मांक आणि आठ ग्रॅम प्रथिने असतात; तेवढीच प्रथिने पावातून मिळवायची तर जवळजवळ दुप्पट उष्मांक पोटात जातात. मूग, चणे, वाटाणे यांचेही गणित साधारण असेच आहे, आणि मुगागाठी तर आपल्याकडे सणावारालाही होतात.

आता पेजेकडे वळतो, कारण पोट भरण्याचे विज्ञान तिच्यात फार चांगले दिसते. पन्नास ग्रॅम उकडे तांदूळ घेतले तर त्यांतून सुमारे १७५ उष्मांक मिळणार, मग त्यांचा मोकळा भात करा किंवा भरपूर पाणी घालून पेज करा. भात होईल साधारण दीडशे ग्रॅम, पेज होईल साडेतीनशे ग्रॅम. दर ग्रॅममागे येणाऱ्या उष्मांकांना ऊर्जाघनता म्हणतात, आणि माणूस अनेकदा उष्मांकांपेक्षा अन्नाच्या आकारमानावर थांबतो, असे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या बार्बरा रोल्स यांनी अनेक प्रयोगांतून दाखवले आहे. त्यांच्या १९९९ सालच्या एका प्रयोगात स्त्रियांना जेवणाआधी कोंबडी आणि भाताचा एक घट्ट पदार्थ दिला. दुसऱ्या वेळी तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी. तिसऱ्या वेळी तेच पाणी त्यात घालून शिजवलेले सूप. सूप घेतल्यावर त्या पुढच्या जेवणात सुमारे शंभर उष्मांक कमी जेवल्या, तर वरून प्यायलेल्या पाण्याचा काहीच परिणाम झाला नाही. पाणी अन्नात मुरलेले असावे लागते. पेजेची अडचण आहे ती तिच्या सोबत्यांची: खारा बांगडा, मिस्कूट (कैरीचे लोणचे) किंवा पापड. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, आणि खाऱ्याचे दोन तुकडे त्यातला मोठा हिस्सा एका बैठकीत संपवू शकतात. तोंडी लावायला तांबडी भाजी किंवा उसळ घेतली की हा दोष निघून जातो.

तांदूळ उकडे असण्यालाही अर्थ आहे. भात सालासकट भिजवून उकडतात, तेव्हा कोंड्याच्या थरातले ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते, त्यामुळे नंतर गिरणीत कोंडा गेला तरी ते बऱ्याच प्रमाणात टिकून राहते. या जीवनसत्त्वाची कहाणी तांदळापासूनच सुरू झाली. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात जावा बेटावर असे दिसले की पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा (या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा) मज्जारोग होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की तो बरा होतो. या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतातही आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर, जिथे न उकडलेला गिरणीचा तांदूळ खाल्ला जाई, तिथे बेरीबेरी आढळत असे. उकडताना दाण्यातले पिष्ट फुगते आणि वाळताना त्याची रचना पुन्हा घट्ट होते, म्हणून असा भात साधारणपणे थोडा सावकाश पचतो. किती सावकाश, हे तांदळाच्या जातीवर आणि उकडण्याच्या पद्धतीवर ठरते. उष्मांक मात्र दोन्ही तांदळांत जवळपास सारखेच. शिजलेला भात वेळून पाणी फेकून दिले तर पाण्यात विरघळणारे हे जीवनसत्त्व काही अंशी मोरीत जाते. पेज प्यायली तर ते पोटात येते.

भात शिजवून रात्रभर थंड केला की त्याचे उष्मांक निम्मे होतात, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. थंड होताना काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जाते, हे खरे आहे. पण २०१५ साली इंडोनेशियात झालेल्या मोजणीत ताज्या भातात असे पिष्ट १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होते आणि फ्रिजमध्ये २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. एका ग्रॅमच्या फरकाने उष्मांक निम्मे होत नाहीत. आणि हा भात आपल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर ठेवला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढून पोट बिघडते, तेव्हा ठेवायचाच तर फ्रिजमध्ये.

गोमंतकीय माणसाला नारळ कमी कर म्हणून सांगणे म्हणजे भांडण ओढवून घेणे; तरी हिशेब मांडायला हवा. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० उष्मांक आणि ३३ ग्रॅम मेद असतो. त्याचबरोबर नऊ ग्रॅम तंतूही असतात, पण रस काढून चोथा टाकला की तंतू जातात आणि मेद राहतो. म्हणून सोलकढीच्या जागी फुटी कढी ही मला सगळ्यांत सोपी अदलाबदल वाटते: आमसुलांचे पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर, हवी तर हिंगाची थेंबभर फोडणी, आणि उष्मांक जवळपास शून्य. तांबड्या भाजीवरचे मूठभर खोबरे मात्र काढू नये, कारण तिच्यातले बीटा कॅरोटीन शोषले जायला थोडा मेद लागतो. खोबरेल तेल इतर वनस्पती तेलांपेक्षा हलके असते, ही समजूत मात्र टिकत नाही. उष्मांक सर्व तेलांचे सारखेच, ग्रॅममागे नऊ. आणि सोळा प्रयोगांच्या २०२० सालच्या एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल, म्हणजे 'वाईट', कोलेस्टेरॉल रक्ताच्या डेसिलिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅमने वाढल्याचे दिसले.

माशांच्या बाबतीत तळलेल्यापेक्षा हुमण (खोबऱ्याची माशांची आमटी) बरे, असे सरसकट म्हटले जाते. तेही तपासून पाहावे. दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम तेलाचे ९० उष्मांक होतात, आणि हुमणात एका माणसाच्या वाट्याला पंचवीस ग्रॅम खोबरे आले तर त्याचे तेवढेच. खरी बचत होते ती तिरफळे घालून केलेल्या बांगड्याच्या तिखल्यात, जिथे खोबरे नाममात्र किंवा नसतेच. तळायचेच असेल तर एक बारकावा उपयोगी पडतो. तळताना पदार्थातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते, तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. पदार्थ बाहेर काढून निवू लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून रव्यातला बांगडा किंवा भजी कढईतून काढताक्षणी, गरम असतानाच, नीट निथळून टिपून घ्यावी. इसवणाऐवजी (सुरमईऐवजी) बांगडा किंवा तारले घेण्याने खिसा वाचतो, ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर मिळतात, आणि मोठ्या शिकारी माशांत साठत जाणारा पाराही टळतो.

हे सगळे पोटभर खाऊन वजन वाढलेल्या प्रौढांसाठी झाले. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने भात-पाव एकाएकी कमी केला तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. लहान मुलांचे गणित तर नेमके उलटे असते. वर्षभराच्या मुलाचे पोट छोटे असते, आणि पातळ पेजेने ते भरते पण पोषण होत नाही. पीठ वाढवावे तर खीर इतकी घट्ट होते की मूल ती गिळत नाही. यावरचा उपाय आपल्या घरांत जुना आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की मोड येताना तयार झालेले अमायलेज हे विकर (एन्झाइम) शिजताना पिष्टाचे लांब रेणू तोडते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात अधिक पीठ घालूनही खीर पातळ राहते आणि दर चमच्यामागे उष्मांक वाढतात. खीर करताना हे पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर सावकाश तापवावे, कारण एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर विकर आपले काम करण्याआधीच निकामी होते.