पार्श्वभूमी : इथरनेट चिप आणि जॅक यांच्यामधले भाग आले कुठून?

इथरनेटची चिप चालू करणं अवघड नाही. ईएनसी२८जे६० चं तयार मोड्यूल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं, पार्सलने रत्नागिरीला येतं, आणि मायक्रोकंट्रोलरला चार-सहा तारा जोडल्या की जॅकवरचा दिवा लागतो. अडतं ते स्वतःचा बोर्ड काढायला बसल्यावर. समजा, मिरकरवाड्याच्या एखाद्या बर्फ कारखान्यातलं तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दाखवायचंय. काम एवढंच. पण डेटाशीट उघडावं तर चिप आणि जॅक यांच्यामध्ये ४९.९ ओहमचे चार रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, फेराइट बीड (गोंगाट अडवणारा छोटा मणी), पुढे ७५ ओहमचे आणखी रेझिस्टर आणि २ किलोव्होल्टचा एक कपॅसिटर. सर्किट उतरवून घेणारा यातलं निम्मं गाळतो आणि टेबलावर ते चालतंही. गाळलेलं काय होतं ते पावसाच्या तोंडावर कळतं.

या भागांचा उगम चिपच्या आधीचा आहे. १९७१ च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांनी बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. नियम साधा : ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, दोघं एकदम बोलले तर थोडं थांबून पुन्हा बोलावं. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी हेच तत्त्व तारेवर आणलं आणि २२ मे १९७३ च्या टिपणात त्याला इथरनेट म्हटलं. डेव्हिड बॉग्स यांच्यासोबत त्यांनी उभं केलेलं पहिलं जाळं सेकंदाला २.९४ मेगाबिटने चालायचं. १९८० मध्ये डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी मिळून १० मेगाबिटचे नियम छापले, आणि १९८३ मध्ये थोड्या फेरफाराने त्याचंच आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.३ मानक झालं.

तेव्हाची तार म्हणजे बोटाएवढी जाड कोअॅक्स (मध्ये एक तार, भोवती जाळी). एक तुकडा ५०० मीटरपर्यंत, दर अडीच मीटरवर खूण, आणि खुणेवर सुई घुसवून बसवलेला ट्रान्सीव्हरचा डबा. ही तार चार इमारतींतून फिरणार, प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं, त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकाने तारेतून प्रवाह वाहणार. तो मशीनमध्ये शिरू नये म्हणून डब्यातच तोडणी (आयसोलेशन) ठेवली होती. सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून जाई, आणि डब्याला लागणारी वीजही आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून. लांब तार आणि सर्किट यांचा थेट संबंध नको, हा दंडक तिथपासूनचा.

तारेची दोन्ही टोकं ५० ओहमच्या टर्मिनेटरने बंद करावी लागत. नाहीतर सिग्नल टोकाशी पोचून, बंदराच्या भिंतीवर आपटलेल्या लाटेसारखा, मागे फिरायचा आणि येणाऱ्या सिग्नलमध्ये घुसायचा. पुढे पातळ कोअॅक्स आली, १८५ मीटरची, प्रत्येक मशीनमागे टी-कनेक्टर. नव्वदच्या दशकात ऑफिसात नोकरी केलेल्यांना विचारा. एकाचा टी ढिला झाला की सगळा मजला बसायचा.

१९९० मध्ये टेन-बेस-टी आलं आणि आजच्या सर्किटाचा सांगाडा तयार झाला. कोअॅक्सच्या जागी पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या, १०० ओहमच्या, हबपर्यंत (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) १०० मीटर. टेलिफोनची पहिली लाइन जॅकच्या ४-५ या मधल्या पिनांवर असे, ती मोकळी सोडून पाठवायला १-२ आणि घ्यायला ३-६ धरल्या. विद्यार्थी अजून विचारतात की ३ नंतर एकदम ६ का, तर त्याचं मूळ तिथे आहे. टर्मिनेटर तारेच्या टोकावरून बोर्डावर आला. ४९.९ चे दोन मिळून जवळपास १००, आणि नेमका ५० न लिहिता ४९.९ लिहितात कारण एक टक्क्याच्या मालिकेत तोच आकडा आहे. ट्रान्सफॉर्मरही डब्यातून निघून बोर्डावर किंवा थेट जॅकच्या पोटात गेला. त्याने १५०० व्होल्ट एक मिनिट सहन करावेत, अशी अट आहे.

ही अट कोकणात पुस्तकी राहत नाही. जांभ्याच्या सड्यावर चांगलं अर्थिंग मिळवणं मुळातच कठीण. एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की अर्थचा रेझिस्टन्स आणखी चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा सुरू होतात. थेट पडलेल्या विजेपुढे १५०० व्होल्ट म्हणजे काहीच नाही. त्यासाठी सर्ज अरेस्टर, आणि दोन इमारतींमध्ये सरळ फायबर. पण दूर कुठे वीज पडून तारेत जे चढतं, ते दोन्ही तारांवर सारखंच चढतं आणि ट्रान्सफॉर्मर त्यातला बराच भाग अडवतो. मात्र ट्रान्सफॉर्मरखालून ग्राउंडचा तांब्याचा थर तसाच पुढे जॅकपर्यंत नेला असेल, तर अडवायला उरतं काय?

७५ ओहमचे रेझिस्टर थोडे नंतरचे. पीळदार जोड्या आपापसात मिळूनही एक तार बनतात आणि अँटेनासारख्या वागतात. सिनॉप्टिक्स कंपनीतल्या रॉबर्ट स्मिथ यांनी प्रत्येक जोडीच्या ट्रान्सफॉर्मरच्या केबलकडच्या मध्यबिंदूवरून (गुंडाळीच्या मधोमध काढलेल्या तारेवरून) आणि रिकाम्या जोड्यांवरून ७५ ओहम काढून ते एका कपॅसिटरमधून चॅसिसला (धातूच्या पेटीला) नेले. त्याचं पेटंट १९९४ चं, आणि बॉब स्मिथ टर्मिनेशन हे नाव तेव्हापासून चिकटलं. इथे लागतो १००० पिकोफॅरॅड, २ किलोव्होल्टचा. माझ्या पाहण्यात या जागी सर्वांत जास्त लबाडी होते. व्हॅल्यू तीच, पण ५० व्होल्टचा, कारण दिसायला छोटा आणि दुकानात हाताशी असतो. ट्रान्सफॉर्मरच्या १५०० व्होल्टला मग काही अर्थ राहत नाही.

चिपांची गोष्ट थोडक्यात. नॅशनल सेमीकंडक्टरच्या डीपी८३९० वर नॉव्हेलचं एनई२००० कार्ड उभं राहिलं आणि त्याच्या नकला जगभर झाल्या. रिअलटेकची आरटीएल८०१९एएस ही त्याच घराण्यातली. १०० पायांची ही चिप हौशी लोक आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरला जोडायचे. डेटा, अॅड्रेस, रीड, राइट धरून पंधरा-सोळा तारा सहज जात. मायक्रोचिपच्या ईएनसी२८जे६० ने ते काम २८ पाय आणि एसपीआयवर (मोजक्या तारांवर एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर) आणलं, म्हणून ती कॉलेजांच्या प्रोजेक्टांत शिरली.

तिच्या आरबायस पिनचा, म्हणजे सिग्नलची उंची ठरवणारा, रेझिस्टर बघण्यासारखा आहे. सुरुवातीच्या बी१ आणि बी४ आवृत्त्यांना २.७ किलोओहम लागायचा, बी५ पासून २.३२. जुनी सर्किटं मात्र अजून हातोहात फिरतात. नव्या चिपला जुना रेझिस्टर लावला की पाठवणाऱ्या सिग्नलची उंची चुकते. छोट्या केबलवर चालतं, लांब केबलवर पॅकेट गळतात, आणि दोष प्रोग्रामवर जातो. दुसरं दुखणं विजेचं : ही चिप १८० मिलिअँपिअरपर्यंत खाऊ शकते, आणि आर्डुइनो उनो या हौशी लोकांच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन ५० च्या वर द्यायची नाही.

ट्रान्सफॉर्मरचा चिपकडचा मध्यबिंदू फेराइट बीडमधून ३.३ व्होल्टला जातो, कारण ही चिप प्रवाह ओढून सिग्नल बनवते. एलएएन८७२० चा मध्यबिंदूही ३.३ व्होल्टलाच. पण केएसझेड८०८१ सारखी चिप व्होल्टेजवर चालते. तिथे प्रत्येक मध्यबिंदू वेगळ्या कपॅसिटरने ग्राउंडला न्यायचा, सप्लायला नाही, आणि ४९.९ चे रेझिस्टरही नकोत, ते आतच आहेत. एका चिपचं सर्किट दुसरीला लावणारे इथे फसतात.

वायफाय असताना केबल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण चिऱ्याच्या जाड भिंती आणि पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय दमतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत मोबाइल टॉवर बंद पडले, तेव्हा मोबाइल डेटावर टांगलेलं सगळंच मुकं झालं. आवारातली केबल जनरेटरवर चालते.

केबलचा शत्रू खारी हवा. मीठ ओल धरतं, आणि बोर्डावर चिप आणि जॅक यांच्या बाजूंमध्ये २ किलोव्होल्टसाठी राखलेल्या मोकळ्या जागेवरच गळतीचा थर चढतो. २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या पायांशी तो चढला तर चिप सकाळी सुरूच होत नाही आणि ऊन चढल्यावर होते. कोटिंग करावं, जॅकचं तोंड झाकून करावं, आणि जॅक घेताना सोन्याचा मुलामा जाड आहे का ते विचारावं.

२०१९ मध्ये आलेल्या ८०२.३सीजी नियमांनी टेन-बेस-टी१एल आणलं : एकच जोडी, १० मेगाबिट, १००० मीटरपर्यंत. वाडीच्या खालच्या अंगाच्या पंपापासून वरच्या घरापर्यंत सहज पोचेल अशी ही केबल. तिची आयसोलेशन कपॅसिटरनेही करता येते, तेव्हा तो किती व्होल्टचा आहे ते आधी वाचून घ्यावं लागेल.