पक्षाघातानंतर रोजची कामं पुन्हा हाती घेताना
पेशंट आणि घरच्यांसाठी माहिती

पक्षाघाताचा पेशंट हॉस्पिटलमधून घरी आला की सगळं घर दिमतीला उभं राहतं. कोणी भरवतं, कोणी शर्ट चढवतं, कोणी केस विंचरून देतं. हे मायेपोटी होतं आणि सुरुवातीला त्याची गरजही असते. पण पुढेही तेच चालू राहिलं तर अधू हाताला काही कामच उरत नाही. म्हणून ऑक्युपेशनल थेरपीसाठी, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांना येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आम्ही आधी एकच गोष्ट सांगतो: मदत जरा आवरती घ्या आणि वेळ भरपूर द्या.

पक्षाघातात मेंदूचा काही भाग निकामी होतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मात्र उरलेल्या पेशी नव्या जोडण्या करून त्यांचं काम बऱ्याच अंशी उचलू शकतात. त्यासाठी ती हालचाल पुन्हा पुन्हा व्हावी लागते, आणि शक्यतो खऱ्याखुऱ्या कामातून. नुसता हात वरखाली करण्यापेक्षा कपाटातला कप उतरवणं मेंदूला जास्त शिकवतं. याची उलटी बाजूही आहे. सुरुवातीला हात हलत नाही, म्हणून पेशंट प्रयत्न सोडून देतात. पुढे थोडी ताकद येते, पण तोवर त्या हाताची आठवणच राहिलेली नसते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावर एक उपचारपद्धती विकसित केली. चांगल्या हातात जाड हातमोजा चढवायचा आणि अधू हाताकडून कामं करून घ्यायची. पक्षाघात होऊन 3 ते 9 महिने झालेल्या 222 पेशंटांवर तिचा अभ्यास झाला. 2006 साली त्याचे निष्कर्ष आले: दोन आठवड्यांच्या सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. ही पद्धत सरसकट सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उघडता यायला हवीत. तोलही सांभाळता यायला हवा, म्हणून तपासणीशिवाय घरी प्रयोग करू नका.

शर्ट घालणं

आमच्याकडे बरेचदा सुरुवात इथून होते. पेशंटना भक्कम खुर्चीत बसवा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली हवीत. शर्ट मांडीवर पसरून अधू हाताची बाही दोन्ही गुडघ्यांच्या मधे सोडा. आता त्यांनी पुढे झुकून अधू हात त्या बाहीत सोडायचा आणि चांगल्या हाताने बाही कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत ओढून घ्यायची. ती कोपराखाली राहिली तर पुढे सगळं अडतं. मग शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत घालायचा. बटणं खालून वर लावली की दोन्ही कडा जुळतात. काढताना क्रम उलटा, आधी चांगला हात.

पहिल्या दिवशी याला अर्धा तासही लागेल. समोर बसून बघणं अवघड जातं, हात आपोआप पुढे होतो, हे आम्ही जाणतो. तरी तोंडी सूचना द्या आणि खरोखर अडेल तिथेच हात लावा.

मात्र उठवताना अधू हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नका. स्नायू ढिले पडल्याने खांद्याचा सांधा सैल झालेला असतो. तिथली दुखापत महिनोन्महिने छळते आणि सगळा सराव खोळंबतो. बसल्यावर हात लोंबता न ठेवता उशीवर किंवा टेबलावर टेकवा. बोटं आखडत असतील तर दिवसभर बॉल दाबायला देऊ नका. त्या हाताला मूठ आवळण्यापेक्षा उघडण्याचा सराव हवा.

एका बाजूचा विसर

पेशंट ताटाच्या उजव्या अर्ध्या भागातलंच जेवतात, डावा गाल दाढीविना राहतो, दाराच्या डाव्या चौकटीवर आपटतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल तर हे विशेषकरून दिसतं. हा हट्ट नाही आणि नजर अधूच असते असंही नाही. त्या बाजूची दखलच मेंदू घेत नाही. गप्पा मारायला डावीकडे बसा. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि ती दिसल्यावरच ओळ सुरू करायला सांगा. मदतीची घंटा व फोन मात्र उजवीकडेच ठेवा.

थकवा, एकाएकी रडू येणं, उदासी हीदेखील आजाराचीच लक्षणं आहेत. सुमारे एक तृतीयांश पेशंटांना नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत, तेव्हा डॉक्टरांना नक्की सांगा.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढे तो मंदावतो, पण वर्षानंतरही नवी कामं जमू लागलेली आम्ही पाहतो. किती आणि कधी, याची हमी आम्ही देत नाही. सरावाच्या वेळी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय अचानक लुळा पडला, तर वेळ लिहून ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. हा पुन्हा आलेला पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

पहिल्या भेटीला डिस्चार्जचे कागद, चालू औषधांची यादी आणि पुढून बटणं असलेला एक सैल शर्ट आणा. रोज जे सोबत असतात त्यांनी यावं, आणि पेशंटना आधी कोणतं काम स्वतःचं स्वतः करायचं आहे ते त्यांनाच विचारून या.