उघडी माहिती म्हणजे मोकळं रान नव्हे

मॅरेथॉनमधला फोटो, नोकरीच्या साइटवरचा परिचय आणि जुन्या पोस्टमध्ये मागे दिसणारी बाल्कनी. या तिन्ही गोष्टी कुणालाही पाहता येतात. पण एआयने त्या जोडल्या की त्या माणसाचं नाव, घर आणि धावायला निघण्याची वेळ एकाच कागदावर येते. पूर्वी एवढी जुळवाजुळव करायला चिकाटीचा माणूस आणि बरेच दिवस लागायचे. हा वेळखाऊपणाच लोकांच्या खासगीपणाचं बरंचसं रक्षण करत होता. म्हणून अशा उघड्या माहितीवरून एआयच्या मदतीने तपास करणाऱ्यांनी काही पथ्यं पाळायला हवीत.

युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात, २०१८ पासून, सार्वजनिक असलेली वैयक्तिक माहितीही वैयक्तिकच राहते. ती दुसरीकडून मिळवली असेल, तर काही अपवाद सोडता, संबंधिताला महिन्याभरात कळवावं लागतं. इंटरनेटवरून चेहऱ्यांचे फोटो उपसून, म्हणजे प्रोग्रामने घाऊक गोळा करून, चेहऱ्यांचं शोधयंत्र बनवणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीला नेदरलँड्सने २०२४ मध्ये ३ कोटी ५ लाख युरोंचा दंड केला. चेहऱ्यांचा असा सरसकट उपसा युरोपच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून थेट निषिद्धच ठरवला आहे. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. लिंक्डइन या नोकरीविषयक साइटची पानं उपसणाऱ्या हायक्यू कंपनीने तिच्याविरुद्ध केलेल्या खटल्यात सार्वजनिक पानं उपसणं हे बहुधा हॅकिंग ठरत नाही, असं अपील न्यायालय २०२२ मध्ये म्हणालं. पण त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने हायक्यूवर साइटच्या वापराच्या अटी मोडल्याचा ठपका ठेवला. म्हणून कुठल्या देशाचा कायदा लागू होतो, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

सगळ्यात घातक चूक मात्र गणिताची असते. चेहरे ओळखणारी, दहा लाख परक्या चेहऱ्यांमागे एकदाच फसणारी प्रणाली उत्तम वाटते. पण एक कोटी चेहऱ्यांच्या संग्रहात एकच फोटो शोधला, तर सरासरी दहा निरपराध माणसं ‘जुळतात’. खरा माणूस त्या संग्रहात नसला, तरीही! यादीतलं पहिलं नाव म्हणजे फार तर एक धागा. तो तपासणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला यंत्राने साम्याला दिलेले गुण दाखवू नयेत. ते दिसले की नजर आपोआप साम्यच शोधू लागते.

अस्पष्ट नंबरप्लेट एआयने ‘स्वच्छ’ करणं तर पूर्ण टाळावं. प्रणाली हरवलेले पिक्सेल परत आणत नाही, अंदाजाने नवे रंगवते. धूसर ३ चा ८ होतो, आणि तो अगदी ठळक दिसतो.

पुरावा टिकवायचा तर मूळ फाइल उतरवताच तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला डिजिटल ठसा, काढा. एक बिट बदलला तरी हॅश पार बदलतो. सोबत पानाचा पूर्ण पत्ता आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नुसार वेळ नोंदवा. काम नेहमी प्रतीवर करा. एआयने केलेल्या सारांशातलं प्रत्येक वाक्य मूळ पोस्टशी ताडून पाहा, कारण न लिहिलेलं वाक्यही तो सहज कुणाच्या तोंडी घालतो. पीडितांची नावं बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकणं म्हणजे ती त्रयस्थाच्या हाती देणं. आणि ज्यांचा प्रकरणाशी संबंध नाही, अशा लोकांची माहिती कधी पुसायची, ती तारीख गोळा करायला सुरुवात करण्याआधीच ठरवावी.